काकांच्या एक्केचाळीस फायली

४ जानेवारी, रविवार

ब्राउझर बदलला. पक्का बदलला, आता परत फिरणं नाही. (मागच्या वर्षीही हेच लिहिलं होतं. असू दे.) चक्रीचं चित्र असलेला काढला, कोल्ह्याचं चित्र असलेला आणला. इथून पुढे ह्या वहीत नुसतं चक्री आणि कोल्हा. कोल्ह्यात टॅब डाव्या बाजूला एकाखाली एक उभे लावता येतात. अख्खं नाव वाचता येतं! सत्तेचाळीस टॅब उघडे होते माझे, वरती सगळे दाबून-चेपून बसलेले, कोणता काय ते कळायचंच नाही. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलं आणि एका पेपरची साइट उघडली, तर नुसती बातमी. बातमी आणि पांढरं पान! मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

आई समोर शहपुऱ्याचा मटर सोलून राहिली होती. म्हणे, "काय झालं? प्रमोशन?"

म्हटलं, "आई, ब्राउझर."

"अच्छा," म्हणे, आणि परात माझ्याकडे सरकवली. सोलता सोलता तिला उभ्या टॅबचे फायदे सांगितले. ऐकले तिने. बिचारी.

७ जानेवारी, बुधवार

ऑफिसात नवीन पोर्टल. अर्धा फॉर्म भरून एक पान मागे गेलं की सगळं साफ. ज्याने बनवलं त्याने स्वतः एकदा तरी भरून पाहिला असेल का? बाजूच्या टेबलावरचे दुबेजी म्हणतात, "दीदी, आप ही बना दो।" बनवीन पण. माझ्या पोर्टलचा पहिला नियम: माणूस चुकणारच, तेव्हा खोडण्याआधी विचारा, नक्की ना?

गेमबद्दल माझं मत आज पक्कं झालं, ते पण लिहून ठेवते. एका मिनिटात कसा खेळायचा ते न सांगता कळलं पाहिजे. जो गेम आधी मोबाइल नंबर मागतो तो गेम नाही, तहसीलचा अर्ज आहे. आणि जो दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवतो त्याच्या तोंडावर मी दार लावते. शहर वसवायच्या गेममधे मी जबलपूर वसवून राहिली सध्या. फ्लायओव्हर झाला, पण खालची गर्दी कमी होत नाही. अगदी खरं जबलपूर.

११ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते झालं!! विहारात वंदना आटोपल्यावर समितीचे सेक्रेटरी गजभिये साहेब म्हणाले, "अर्चना, वाचनालयातल्या त्या तीन कॉम्प्युटरचं काही होते का, की उचलून द्यायचे कोणाला? सुरू होता होता माणूस पेपर वाचून घेते."

उचलून द्यायचे? माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. म्हटलं, साहेब, एक रविवार द्या मला. जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकते. हलकं, फुकट, व्हायरसची कटकट नाही, जुन्या मशीनवर धावते.

"फुकट म्हणजे चोरीचं तर नाही ना वं? विहारात तसं नको. आत्ताच अदिन्नादाना, न दिलेलं घेणार नाही, म्हणून उठलो आपण."

चोरीचं नाही हे समजावता समजावता वीस मिनिटं गेली. जगभरचे लोक मिळून बनवतात आणि वाटतात, म्हटलं. तेव्हा म्हणे, "अच्छा, म्हणजे दान. दान चालते." आत्ता त्या मशीनमधे जी सिस्टीम आहे ती कुठून आली होती ते मी विचारलं नाही. शहाणी मुलगी.

एकच अडचण, तिसरा कॉम्प्युटर. तो रामटेके काकांचा. म्हणजे विहाराचाच, पण बाकी कोणी बसत नाही. काका शहात्तरचे, फॅक्टरीतून टर्नर म्हणून रिटायर, बाबांच्याच शॉपमधले, म्हणजे वर्कशॉपमधले. वाचनालय तेच पाहतात. रोज अकरा ते एक, एका बोटाने, मराठीत टाइप करतात. काय, ते सगळ्यांना माहीत आहे: आठवणी. भंडाऱ्याहून इथे येणं, फॅक्टरी, क्वार्टर, माणसं. चार वर्षं झाली. पुण्याच्या सुनीताताईसाठी, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीसाठी लिहितात. काकू गेल्यावर तिनेच मागे लागून सुरू करायला लावलं. कोणाला दाखवत नाहीत. "पूरं होऊ दे मंग वाचा."

विचारलं, तर म्हणाले, "कर बाप्पा. पन माझं सामान हलवू नको."

१८ जानेवारी, रविवार

झालं! झालं झालं झालं!

सकाळी नऊला गेली, पेन ड्राइव्ह तीन, डबा एक (आईने मटर-पोहे दिले होते). काका पनागरला साक्षगंधाला गेलेले. फोन केला: "काका, तुमचं सामान डेस्कटॉपवरच आहे ना?"

"तिथंच हाय सगळं. डेस्कटॉपवरच."

डेस्कटॉप अख्खा उचलला, डॉक्युमेंट उचलले, डी ड्राइव्ह उचलली. 'रामटेके' नावाचं फोल्डर होतं, ते तसंच कॉपी केलं. उघडून पाहिलं नाही, शप्पथ. कोणाचं खासगी वाचायचं नसतं. मग इन्स्टॉल. "सगळी डिस्क पुसून नवीन टाकायचं. नक्की?" नक्की! तिन्ही मशीनवर नक्की दाबताना काय मजा येते, ती ज्याने दाबलं त्यालाच माहीत.

सुरू व्हायला आधी सहा-सात मिनिटं, आता अडतीस सेकंद. मी घड्याळ लावून मोजलं, गजभिये साहेबांना पण मोजायला लावलं. "बाप रे," म्हणे. कोल्हा टाकला, लिहिण्याचं सॉफ्टवेअर टाकलं, मराठी कीबोर्ड टाकला. आणि पेंग्विन बर्फावरून पोटावर घसरतो तो गेम तिन्हीवर. संध्याकाळी पोरांचा जो काय गोंधळ! एका बाईने आत डोकावून विचारलं, "दीदी, यहाँ पढ़ाई होती है न?" म्हटलं, होती है, होती है.

२० जानेवारी, मंगळवार

लिहिते.

काल सोमवार, वाचनालय बंद. आज सव्वाअकराला ऑफिसात फोन. काका.

"पोरी, माझी टोपली कुठं गेली वं?"

"कोणती टोपली काका?"

"ते कचऱ्याची. डेस्कटॉपवरची."

मी म्हटलं, ती नवीन सिस्टीममधे पण आहे, जरा वेगळी दिसते, खाली पहा. म्हणे, "ते पाह्यली. ते खाली हाय. माझं लिहिलेलं कुठं हाय?"

मला कळायला पाच-सहा सेकंद लागले. काका त्यांच्या सगळ्या फायली रिसायकल बिनमधे ठेवायचे. रोज अकरा वाजता एक बाहेर काढायची, लिहायचं, एक वाजता परत डिलीट. चार वर्षं.

"काहून काका? तिथे काहून?"

"अवं, शॉपमधे आपलं मापाचं चांगलं गेज आम्ही भंगाराच्या डब्यातच ठेवो, लोखंडाच्या बुराद्याच्या खाली. दुसऱ्या शिफ्टवाला टेबल उघडते, लॉकर तोडते, पन भंगारात हात घालत नाही कोणी. तुझा बापूस पन तिथंच ठेवे. बत्तीस वर्षांत एक गेज नाही गेलं माझं."

म्हटलं, काका, मशीनला हात लावू नका, कोणालाच लावू देऊ नका, मागची वायर ओढून काढा. हाफ-डे टाकून धावली. पोचली तेव्हा काका वायर हातात धरून बसले होते. 'रामटेके' फोल्डर पर्समधल्या पेन ड्राइव्हवरून बाजूच्या मशीनवर उघडलं, त्यात काय, तर त्यांच्या पेन्शनच्या कागदाचा एक फोटो.

मी रडायलाच आली. ते म्हणाले, "जाऊ दे. मशीन हाय." चष्मा खिशात टाकला आणि निघून गेले. चिडले असते तर बरं झालं असतं.

एक्केचाळीस फायली. आकडा त्यांनीच सांगितला, दारातून.

२१ जानेवारी, बुधवार

सुनीताताईला मीच फोन केला. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा. ती म्हणाली, "मराठी मी बोलते, पण आईच्या वेळचं मला काहीच माहीत नाही गं. बाबा तोंडाने सांगत नाहीत. लिहून देणार होते." मग म्हणाली, "तू चुकून केलंस, मला माहीत आहे." ते 'माहीत आहे' फार लागलं.

मी काही हार मानून नाही राहिली. डिस्क पुसली म्हणजे पुसली नसते! हे फार लोकांना माहीत नाही. कॉम्प्युटर हजेरीपटावरून नाव खोडतो, पोरगं वर्गात बसलेलंच असते. त्याच्या जागेवर दुसरं कोणी येऊन बसेपर्यंत ते तिथेच. आता प्रश्न एकच, रविवारपासून मंगळवारपर्यंत कोण कोण येऊन बसलं. लिनक्स बसलं. अपडेट बसले. आणि माझा तो पेंग्विन.

एवढ्या हौसेने गेम टाकायची काय घाई होती, अर्चना?

२५ जानेवारी, रविवार

मिशन.

डिस्क काढून घरी आणली. नियम १: तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. नुसतं वाचायचं. आधी तिची जशीच्या तशी नक्कल माझ्या मोठ्या डिस्कवर, मग सगळी खोदाखोद नकलेवर. नकलेला साडेतीन तास. तोवर बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात आईच्या साडीला फॉल घ्यायला गेली, दुकानात पण मनात टक्केच चालू. दुकानदार, "दीदी, ये वाला मैच करेगा?" म्हटलं, सत्तर. तो पाहतच राहिला.

दुपारी शोधायचा प्रोग्राम लावला. काय प्रोग्राम आहे! रंग नाही, चित्र नाही, काळ्या पडद्यावर पांढरे आकडे, कोणा भल्या माणसाने बनवून फुकट वाटलेला. असल्या सॉफ्टवेअरच्या पाया पडावं. सुंदर सुंदर बटणं असलेले दोन आधी लावून पाहिले होते, दोघेही फाइल सापडली म्हणतात आणि उघडायच्या वेळेला हात पुढे करतात.

चार वाजेपर्यंत चौदा हजार फायली. चौदा हजार! आयकॉन, तुकडे, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो, निवडणुकीची यादी. नाव एकाचंही नाही, नुसते नंबर. आई डोकावून म्हणे, "सापडलं का गं त्याचं?" म्हटलं, सगळ्यांचं सापडून राहिलं, त्यांचंच नाही.

२६ जानेवारी, सोमवार, सुट्टी

सा प ड ल्या!!!

मी वेडी, वर्डच्या फायली शोधत होती. आंघोळ करता करता आठवलं, काकांना वर्ड जड जायचं म्हणून मीच तर साधा एडिटर लावून दिला होता. बटण एकच, सेव्ह. साधी टेक्स्ट फाइल! जगातली सगळ्यात मजबूत चीज. वर्डची फाइल जरा कुठे मोडली की अख्खी उघडत नाही, रुसून बसते. टेक्स्टचा अर्धा तुकडा मिळाला तरी अर्धा वाचता येतो. मी किती वर्षांपासून ओरडून राहिली की महत्त्वाचं सगळं साध्या टेक्स्टमधे लिहा, कोणी ऐकत नाही.

फक्त टेक्स्ट आणि त्यात फक्त देवनागरी, अशी चाळणी लावली. चौदा हजारातून बावन्न. उघडायला तर लागणारच होतं, म्हणून ठरवलं, फक्त पहिली ओळ वाचायची. पहिली उघडली: "बापाने भंडाऱ्याच्या स्टेशनावर मले एक लुगड्याची गाठोडी देल्ली आन म्हने मागं पाहू नको." बस. मी ओरडली. आई धावत आली. दोघी नाचलो. आई नाचली हे लिहून ठेवते, पुरावा म्हणून.

शेवटची मोजणी: पूर्ण ३८. अर्धी १. दोन नाहीत.

पेंग्विनला माफ केलं मी.

१ फेब्रुवारी, रविवार

प्रिंट काढून काकांच्या घरी गेली. ते विहारात येऊनच नाही राहिले, बीपी म्हणतात. बीपी मी पाहिलं मशीनवर, माझ्यापेक्षा बरं आहे.

म्हटलं, "काका, सापडलं. एकोणचाळीस." मला वाटलं उठून डोक्यावर हात ठेवतील. कागदाकडे पाहिलं नाही त्यांनी.

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं काका, फोनवर."

"फोनवर नाही. माझं सामान कोणतं ते इथं बसून, मले बाजूले घेऊन विचारलं का? घाईत होतीस तू. तुले नवीन टाकायचं होतं."

खरं होतं. म्हटलं, चुकलं काका. फायलींची नावं गेलीत, कोणती आधी कोणती नंतर ते मला लावता नाही येणार, ते तुम्हालाच माहीत.

"ठेव तिथं."

ठेवून आली. चहा दिला नाही. काकांच्या घरून मी पहिल्यांदा चहाशिवाय निघाली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

राग काढायचा म्हणून ब्राउझरबद्दल. चक्री, कोल्हा, सगळ्यांनाच आता बाजूला एक बोलणारी खिडकी लावायची आहे. पान उघडलं नाही की, "मी सारांश सांगू का?" नको! मला वाचता येते. ब्राउझर म्हणजे खिडकी, खिडकीने गप्प रहावं. कोल्ह्यात ती बंद करायला चार ठिकाणी जावं लागलं, पण बंद झाली. चलो, तेवढं तरी.

४ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात फोन. नमस्कार नाही, जयभीम नाही: "ते भंडाऱ्याचा कागद सगळ्यात आधी येते. तू तिसऱ्यावर ठेवलास."

मी म्हटलं, काका, मी कुठे लावला, ते आपोआप—

"आपोआपले काय माहीत मी कधी आलो जबलपूरले? शनिवारी ये. लाल पेन आण."

दुबेजींना मी मिठाई आणून दिली. कशाची ते विचारलं तर सांगता येईना.

८ फेब्रुवारी, रविवार

काल आणि आज काकांकडे. पलंगावर चादर सरळ केली आणि त्यावर कागद मांडले, पत्त्यांसारखे ओळीत. काका एकेक उचलायचे, दोन ओळी वाचायचे आणि जागेवर टाकायचे. ज्या दोन गेल्या त्या कोणत्या, तेही त्यांनी सांगितलं: एक क्वार्टर मिळालं त्याची, एक फॅक्टरीच्या हॉकी टीमची. "जाऊ दे. हॉकीत मी तसं बी फेकलं होतं थोडं."

काय काय आहे त्यात! मला वाचायची परवानगी मिळाली. पहिल्या वर्षी नऊ जण एका खोलीत, शिफ्टप्रमाणे झोपायचे, गादी कधी थंड व्हायची नाही. फोरमनला मराठी समजत नाही म्हणून त्याच्यासमोरच त्याची नक्कल. बाबा पण आहेत, अकराव्या फाइलमधे, भिंतीवर चढून कलेक्टरच्या बंगल्यातले पेरू तोडताना! माझे बाबा, ज्यांनी मला आयुष्यभर लायनीत उभं रहायला शिकवलं. मी इतकी हसली की काकांनी पाणी दिलं. मग चहा पण दिला.

काकांना विचारून सुनीताताईला कालपासून चार-चार फायली पाठवून राहिली. तिचे मेसेज एका मागून एक. "गादी!!!" म्हणून नुसतं लिहिलं तिने. पण दर वेळी शेवटी एकच प्रश्न: आईची कोणती? आईची आली की सांग. काकूंवर काकांनी एकच फाइल लिहिली होती, शेवटची, एक्केचाळिसावी. जी अर्धी सापडली ती तीच. काकांनी तिच्याही वरच्या दोनच ओळी वाचल्या; अर्धी आहे हे दोघांनाही अजून सांगितलं नाही मी.

१५ फेब्रुवारी, रविवार

काका विहारात परत! मशीनसमोर बसले (डिस्क मी परत बसवून ठेवली होती), सुरू केली, अडतीस सेकंद मोजले. "हे तुरतुर चालते," म्हणे. माझ्यासाठी ह्यापेक्षा मोठा पुरस्कार नाही.

दोन तास नुसतं सेव्ह कुठे करायचं ते शिकवलं. ह्या वेळेस बाजूला बसून, विचारून, घाई न करता. एक प्रत मशीनवर, एक पेन ड्राइव्हवर, एक माझ्या घरी. काका वहीत उतरवून घेत होते. मग हळूच म्हणाले, "ते पेंग्विन दाखव." दाखवला. पहिल्याच वळणावर झाडावर आदळला. परत. परत झाडावर. सात वेळा! आठव्यांदा पोचला खाली, तर काकांनी आजूबाजूला पाहिलं की कोणी पाहिलं की नाही. पोरांनी पाहिलं होतं, टाळ्या वाजवल्या. मला माझं गेमचं मत आणखी एकदा सिद्ध झाल्यासारखं वाटलं: शहात्तर वर्षांच्या माणसाला एका मिनिटात कळला.

जाताना सांगून टाकलं, काका, एक्केचाळिसावी अर्धीच आहे. म्हणाले, "पुढच्या रविवारी पाहू. मी सांगतो, तू टाइप कर. तुझा हात चालते." ताईला एवढंच लिहिलं, आईची पुढच्या रविवारी.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अकरा. वाचनालयात आम्ही दोघंच, पोरं बाहेर क्रिकेट खेळत होती. मी जोरात होती. आज एक्केचाळीस पूर्ण, ताईला पाठवायची, झालं, माझं पाप फिटलं, असं.

फाइल उघडली. मोठ्या अक्षरात केली. काकूंचं लग्न, काकूंचं हसणं, सगळ्या क्वार्टरांची पत्रं काकूच वाचून द्यायच्या ते. छान लिहिलं आहे. आणि शेवटची सापडलेली ओळ: "तिले नोकरीची हौस कधी नव्हती, ते घरातच खुश"

तिथे तुटते. त्याच्यापुढे दुसऱ्या कशाचे तरी आकडे.

काका त्या ओळीकडे पाहून राहिले. मला वाटलं पुढचं आठवत असतील. मी बोटं ठेवून तयार.

म्हणाले, "हे खोटं हाय."

"काय काका?"

"हौस नव्हती म्हनतो ना मी इथं. होती. मॅट्रिक होती ते. फॅक्टरीच्या टेलिफोन एक्सचेंजमधे जागा निघाली होती, बाईची. माझ्या पाठीमागं लागून परीक्षा देऊन आली. सुनीता दीड वर्षाची. मंग पत्र आलं, पास झाली म्हनून, अमुक तारखेले हजर व्हा. पोस्टमन माझ्या हातात देऊन गेला, गेटवर." चष्मा काढला. "मी दाखवलं नाही तिले."

बाहेर पोरं आऊट, आऊट ओरडत होती.

"तारीख निघून गेली. महिनाभर ते पोस्टमनची वाट पाहे. मंग म्हने, नापास झाली असन मी. मी म्हटलं, होते असं. लहान परीक्षा नव्हती ते. त्याच्यानंतर कधी कशाचा फॉर्म भरला नाही तिनं. आपलं डोकं चालत नाही म्हने. मरेपर्यंत तिले वाटे का ते नापास होती."

मला राग आला होता, आणि मला काका आवडतात, आणि दोन्ही एकाच वेळी. मी ज्या खुर्चीवर बसून पगार घेते तसल्याच खुर्चीचं पत्र त्यांनी दाबून ठेवलं.

"लिही," म्हणाले.

माझा स्पीड मिनिटाला साठ शब्द आहे. आज ते एका बोटाने लिहायचे त्याच्याहून हळू लिहिलं मी. त्यांनी सांगितलं तसंच, त्यांच्या भाषेत, एक शब्द इकडचा तिकडे न करता. अडीच पानं झाली. सेव्ह केलं, त्यांना विचारून, वेगळ्या नावाने. जुन्या अर्ध्या फाइलला हात लावला नाही, ती पण आहे.

म्हटलं, "काका, ताईला पाठवू?"

"मले आज नको विचारू," म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले. पोरांनी त्यांच्यासाठी खेळ थांबवला.

घरी आली. आईला काही सांगितलं नाही. ती दोनदा विचारून गेली, जेवतेस का.

आता सहा वाजता सुनीताताईचा फोन. "आज होता ना रविवार? आईची मिळाली का गं?"

तोंडातून निघालं, "अर्धी मिळाली ताई."

"अर्धी तर अर्धी," म्हणाली ती, आणि तिचा आवाज इतका खुश होता. "पाठव ना. मी इथेच बसली आहे मेल उघडून."

माझाही मेल उघडा आहे. दोन्ही फायली समोर आहेत. अजून एकही जोडली नाही.